अँगल

मगदूमसरांनी कॅमेरा बसवला शनिवारी,
आणि रविवारी सकाळी मला म्हणाले,
"बाई, दुधाची पिशवी आज सव्वासातपर्यंत फाटकालाच लटकत होती.
तब्येत बरी आहे ना?"

बरी होती.
त्या क्षणापर्यंत अगदी बरी होती.

छत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला.
सीमा कशी ठरते ते मला माहीत आहे:
नदी असते, डोंगर असतो,
नाहीतर कुणीतरी पट्टीनं ओढलेली असते.
आमच्या दोघांच्यात मेंदीचं कुंपण, कमरेएवढं.
त्यावरून वाटीएवढा एक पांढरा डोळा
माझे वाळत घातलेले परकर मोजत होता.

"सर, तो जरा तिकडं वळवा."
"अहो, तुमच्यासाठीच. एकट्या राहता."
"एकटी राहते म्हणूनच म्हणते."
"लपवण्यासारखं काही नाही, तर अडचण काय?"
"लपवण्यासारखं काही नाही सर,
तरी न्हाणीघराला कडी असतेच की."

त्रिशलावहिनी आतून खुदकन हसल्या.
सर हसले नाहीत.

विश्रामबागेतल्या आमच्या बावीस घरांत दोन तट पडले.
ज्यांच्या सायकली गेल्या होत्या, ते सरांकडं.
ज्यांच्या मुली कॉलेजात, ते कधी इकडं, कधी तिकडं.
वॉचमन शिवगोंडा म्हणाला,
"मला काय विचारताय,
माझ्या खुर्चीवर तर चार हायत."

शेवटी शिडी लागली.
कॅमेरा वीतभर फिरला.
आता त्यात सरांचं फाटक, सरांची गाडी,
शेवग्याचं अर्धं झाड.
माझं अंगण नकाशातून गेलं.
त्या दिवशी मी परकर मुद्दाम
पुढच्या दोरीवर घातले.

मग चातुर्मास लागला.
सरांकडं दिवस मावळायच्या आत ताटं घासून पालथी,
कांदा-लसूण तर एरवीही नाही.
आणि एका बुधवारी रात्री साडेदहाला
माझी बेल वाजली.
हेल्मेट, पाठीवर लाल चौकोनी पेटी.
"प्राची?"
"चुकलास बाळा."
"पत्ता हाच हाय ओ मॅडम. बघा,
'मेंदीच्या कुंपणाशेजारी, कॅमेरा नसलेलं फाटक.'"
पोरगं बुधगावचं. आठ मिनिटं उशीर झालेला,
तेवढी एकच काळजी त्याच्या तोंडावर.
"पाच चांदण्या द्या की, मॅडम."

त्याच्या मागं, चपला हातात घेऊन,
सरांची सून.
इचलकरंजीची. लग्नाला सात महिने.
"बाई, आधी विचारायला हवं होतं मी."

काय बोलणार? "बस," म्हटलं.
ती पायरीवर बसली.
बटाट्याचे लांबट काप, थंड होऊन मान टाकलेले,
आणि पावात कांदा घातलेलं काहीतरी.
दुकान शंभर फुटी रस्त्यावर,
चालत बारा मिनिटं.
पण चालत गेलं की दिसतं.
भरभर खाल्लं तिनं. डबी, कागद, सॉसची पुडी
माझ्या कचऱ्यात टाकली,
मग बडीशेप मागितली.

मी तिच्याकडं बघत होते,
हे जरा उशिराच लक्षात आलं.
दारात, वरच्या पायरीवर उभी,
एक शब्द न बोलता,
किती वाजले ते मनात टिपत.

आत गेले.
जाता जाता अंगणातला दिवा मालवला.

काल सर कुंपणाशी आले.
"बाई, बुधवारी रात्री तुमच्याकडं मोटरसायकल थांबते.
दिसत नाही आता काही. पण आवाज येतो."
"माझंच असतं," म्हटलं. "बर्गर."
"अकराला? या वयात?"
"भूक लागते."

सर बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिले.
मग शेवग्याकडं.
मग घराकडं पाठ करून,
आवाज खाली आणून म्हणाले,
"त्यात… बिनकांद्याचा मिळतो का हो?"